सागवानी झोपाळा, सनमाईका आणि हलणारी खुर्ची : कुठल्या जोडाला कुठला डिंक?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरात तीन कामं काढायची आहेत.

झोपाळ्याची फळी : पंचवटीतल्या एका उतरवलेल्या वाड्याचं सागवान मिळालंय. तीन पट्ट्या कडेला कड जोडून साधारण ५ फूट बाय दीड फूट फळी करायची, जाडी दीड इंच. झोपाळा गॅलरीत टांगणार. पावसाळ्यात तिथे तिरकी झड येते आणि दुपारनंतर थेट ऊन.

स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं : १९ मि.मी. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) प्लाय, वर सनमाईका.

जुनी खुर्ची : मागचा पाय आणि बाजूची आडवी पट्टी यांचा जोड ढिला झालाय, बसलं की कुरकुरतो.

दुकानात विचारलं तर "पांढरा फेव्हिकॉल घ्या, सगळ्याला चालतो" असं उत्तर. नेटवर बघावं तर वॉटरप्रूफ, पीयू (पॉलियुरेथेन), एपॉक्सी, हीटप्रूफ अशी रांग. कुठे काय, किती आणि का? माझ्याकडे हातरंधा, पटाश्या, ड्रिल आणि चार सॅश क्लॅम्प आहेत.

---

रंधा_पटाशी

झोपाळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे चुकलं तर माणूस खाली पडेल. बाकीचं इतर जण सांगतीलच.

साधा पांढरा डिंक (फेव्हिकॉल एसएच आणि त्या जातीचे सगळे) घरातल्या कोरड्या जोडासाठी उत्तम. नीट बसवलेला जोड तोडायला गेलात तर डिंकाशेजारचं लाकूड आधी फाटतं. पण वाळलेला डिंक पाण्यात भिजला की पुन्हा मऊ पडतो, आणि ६०-७० अंशांच्या पुढे तापला तरी मऊ पडतो. तुमच्या गॅलरीत पाणीही आहे आणि पश्चिमेचं ऊनही, म्हणून तिथे तो नको.

वॉटरप्रूफ जातीतला पांढरा किंवा पिवळट डिंक घ्या. फेव्हिकॉल मरीन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, टाइटबॉन्ड ३ ऑनलाइन मिळतो पण महाग. डब्यावर डी३ किंवा डी४ लिहिलंय का बघा. ही युरोपीय ईएन २०४ ची प्रतवारी आहे. डी३ मध्ये जोड ४ दिवस थंड पाण्यात ठेवून ओला असतानाच ओढून बघतात. डी४ मध्ये त्याच चाचणीला दुप्पट ताकद लागते, शिवाय ६ तास उकळत्या पाण्याची वेगळी चाचणी असते. तुमच्या कामाला डी३ पुरे. 'वॉटरप्रूफ' याचा अर्थ अधूनमधून भिजलं तरी चालेल एवढाच, कायम पाण्यात बुडालेलं लाकूड त्यात येत नाही.

किती लागेल? दीड मीटर लांब आणि ३८ मि.मी. रुंद अशा दोन जोडरेषा, म्हणजे सव्वाअकराशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. चौरस मीटरला २०० ग्रॅम धरले तर २५ ग्रॅमसुद्धा लागत नाही. सांडलवंड धरून १०० ग्रॅमची बाटली पुष्कळ. किलोचा डबा घेऊ नका, उघडलेला डबा वर्षभरात घट्ट होतो, मग लोक त्यात पाणी घालतात आणि जोड तिथेच मरतो.

आता सागवान. त्यात नैसर्गिक तेल असतं, आणि वाड्याच्या लाकडाचा वरचा थर वर्षानुवर्षं हवा खाऊन डिंक धरेनासा झालेला असतो. आधी चुंबक फिरवा. जुने खिळे आत तुटून राहिलेले असतात, रंध्याचं पातं त्यावर गेलं की खांडोळी. मग कडेवरून रंधा मारून ताजं लाकूड उघडं करा आणि त्याच दिवशी जोडा. ताज्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात पसरून मुरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर अ‍ॅसिटोनच्या पांढऱ्या फडक्याने कड पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत, आणि अ‍ॅसिटोन उडाला की लगेच डिंक लावा. तासभर थांबलात तर आतलं तेल परत वर येतं. हातमोजे घाला, जवळ ज्योत नको.

कड खरखरीत केली की डिंक जास्त धरतो, ही समजूत या डिंकाबाबत चुकीची आहे. त्याला धारदार रंध्याची गुळगुळीत, सरळ कड हवी. दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर उभ्या ठेवून मागे दिवा धरा. उजेड दिसला तर पुन्हा रंधा. हा डिंक फट भरत नाही. कागदाच्या जाडीएवढा थर असतो तेव्हाच ताकद, जाड थर वाळताना आक्रसतो आणि तडकतो.

क्लॅम्प चार कमी पडतील. दर २०-२५ सें.मी.ला एक, म्हणजे सहा-सात हवेत, एक वरून एक खालून असे आलटून पालटून, नाहीतर फळी पन्हाळीसारखी वळेल. नसतील तर सरळ प्लायच्या तुकड्यावर दोन जाड पट्ट्या स्क्रूने ठोका, मध्ये फळ्या ठेवा आणि उरलेल्या फटीत समोरासमोर पाचरांच्या जोड्या मारा. सागवानाला चौरस सेंटिमीटरला १०-१२ किलो दाब लागतो, आणि पाचर तो सहज देते. लोखंडी क्लॅम्प आणि लाकूड यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घाला. ओला डिंक, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आले की काळा डाग पडतो, तो पॉलिशखालीही दिसतो.

डिंक न लावता एकदा सगळं कसून बघा. एप्रिल-मे मध्ये नाशिकच्या कोरड्या वाऱ्यात डिंकावर पाच मिनिटांत साय धरते, तेव्हा पाचरा शोधत बसायला वेळ नसतो. सकाळी लवकर काम करा. दाबल्यावर पूर्ण रेषेत बारीक मणी बाहेर आले पाहिजेत. कुठे मणी नाहीत तर तिथे डिंक कमी. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसू नका, तो रेषांत शिरतो आणि पॉलिशला पांढरट पट्टे राहतात. अर्ध्यापाऊण तासाने रबरासारखा झाला की पटाशीने उचला. क्लॅम्प रात्रभर, वजन २४ तासांनंतरच.

आणि सर्वांत महत्त्वाचं : कड्या फळीला लावू नका. खाली दोन जाड आडव्या पट्ट्या घ्या आणि साखळीचा भार आरपार बोल्टने त्या पट्ट्यांवर आणा. डिंकाने फक्त तीन फळ्या एका पातळीत धरायच्या, माणसाचं वजन बोल्टने. या आडव्या पट्ट्यांना मात्र डिंक लावायचा नाही. दीड फूट रुंद सागवान उन्हाळा ते पावसाळा ५ मि.मी.पर्यंत फुगू शकतं (उभ्या चिरेचं, म्हणजे टोकाला वलयांच्या रेषा उभ्या दिसणारं असेल, तर याच्या निम्म्याहून थोडं जास्त). लांबीत ते जवळजवळ हलत नाही. दोन्ही एकमेकांत डिंकाने बांधलं की फळी मधून फाटते, आणि लोक डिंकाला शिव्या देतात. म्हणून पट्ट्या स्क्रूने बसवा : मधला स्क्रू घट्ट, बाहेरच्या भोकांना रुंदीच्या दिशेने ८-१० मि.मी. लांबट खाच आणि रुंद वॉशर. बोल्टही फळीतून जात असतील तर त्यांनाही तसंच.

---

सातपूर_प्लायवाला

सनमाईकाबद्दल. इथे दुकानदार निम्मा बरोबर आहे.

दाराची सपाट बाजू पांढऱ्या डिंकानेच करा, पण प्लाय बीडब्ल्यूपी घेतलंय तर डिंकही वॉटरप्रूफ घ्या. आयएस ७१० चा (बीडब्ल्यूपीचं भारतीय मानक) प्लाय फिनॉलिक रेझिनने जोडलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. त्यावर साध्या डिंकाने सनमाईका लावली तर सिंकखालच्या दाराचं प्लाय शाबूत राहतं आणि सनमाईकेची कड उचकटते. प्लायला जास्तीचे पैसे मोजून डिंकात वाचवणं हे नाशिकमध्ये सर्रास चालतं.

डिंक प्लायवर लावा, खाचांच्या पात्याने पसरा. ८ बाय ४ च्या एका शीटला ६०० ग्रॅमच्या आसपास बसतो. मिस्त्री किलो संपवतात, कारण ब्रशने थापतात. जास्त डिंकातलं पाणी जायला जागा नसते, मग मध्ये फुगा राहतो. सनमाईकेची मागची बाजू कोरड्या फडक्याने झटकून घ्या, एका टोकापासून ठेवत जा म्हणजे हवा निघेल. वर सपाट प्लाय ठेवून रात्रभर वजन. दारं एकावर एक रचली तर एकाच वजनात सगळी होतात. कडेचं ट्रिमिंग २४ तासांनी.

आतल्या बाजूलाही ०.८ मि.मी.ची लायनर सनमाईका लावाच. बाहेर १ मि.मी. आणि आत कोरडं प्लाय असं ठेवलं तर एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही, आणि दार केळीच्या पानासारखं वाकतं. बिजागरी कितीही फिरवली तरी ते सरळ होत नाही.

कडांच्या पट्ट्या आणि वजन ठेवता येत नाही अशा गोलाईसाठी रबरी डिंक, म्हणजे एसआर ९९८ सारखा. तो दोन्ही बाजूंना लावायचा, १५-२० मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासा झाला की एकदाच टेकवायचा. टेकल्यावर सरकत नाही. त्यामुळे मोठ्या तुकड्याला मध्ये पातळ काड्या आडव्या ठेवून एकेक काढत जा आणि रोलरने जोरात दाबा. या डिंकाला किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोराने दाबलं ते महत्त्वाचं.

यात दोन सावधानता. शेगडीजवळच्या दाराला हीटप्रूफ लिहिलेलाच घ्या, साधा रबरी डिंक उष्णतेने सरकतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट दिवशी हा लावू नका. त्यातला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं, डिंक पांढुरका दिसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. वाफ पेट घेते, देवघरातली समईसुद्धा विझवून मगच डबा उघडा.

---

देवळाली_कॅम्प

रंधा_पटाशी यांच्याशी एका मुद्द्यावर माझं जुळत नाही. हातरंध्याने ५ फुटांची कड नवख्याला फट न ठेवता सरळ करणं अवघड. फट राहणारच असेल तर झोपाळ्याला एपॉक्सी (दोन भाग कालवून वाळणारा डिंक) बरा. तो आक्रसत नाही, लाकडाचं बारीक पीठ मिसळलं की मिलिमीटरभर फट भरतो, आणि त्याला कसून दाबायची गरज नाही. उलट जास्त कसलं तर सगळा बाहेर येऊन जोड उपाशी राहतो. नुसता टेकेल इतकाच क्लॅम्प. आणि याला ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत केलेली कड चालते, अ‍ॅसिटोनने पुसणं मात्र इथेही चुकवू नका.

अ‍ॅराल्डाइटचा २४ तासांत वाळणारा घ्या, पाच मिनिटांचा नको. तो पाण्यात कमी टिकतो आणि तीन फळ्या जुळवेपर्यंत ताटलीतच दगड होतो. दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणातच. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळेल असं काही नसतं, जोड चिकट आणि मऊ राहतो. मेच्या दुपारी हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. खोल वाटीत ठेवलात तर स्वतःच्याच उष्णतेने भडकून वाळतो, म्हणून पसरट झाकणात कालवा. कातडीला लागू देऊ नका, एकदा अ‍ॅलर्जी आली की जन्मभर राहते.

पीयू डिंकाचं नाव घेतलंत म्हणून : तो ओलाव्याने वाळतो आणि फेसाळतो. फेसाने फट भरलेली दिसते, पण त्या फेसात ताकद नसते. फट असलेल्या जोडाला तो फसवा.

खुर्ची. वरून डिंक सोडून काही होणार नाही, कारण पांढरा डिंक जुन्या वाळलेल्या डिंकावर धरत नाही. जोड पूर्ण उघडा. आधी खिळा किंवा खुंटी मारलेली आहे का शोधा, नाहीतर हातोडी मारून पायच चिरेल. आतल्या डिंकावर गरम पाण्याचा थेंब टाका. बुळबुळीत होऊन जनावराच्या कातड्यासारखा वास आला तर तो सरस, म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंक. सरस असेल तर नशीबवान आहात. गरम पाण्याने धुवा, आणि थोडा अंश राहिला तरी नवा सरस त्यावर धरतो. पांढरट, रबरासारखा झाला तर आधीच्या दुरुस्तीचा पांढरा डिंक आहे. कोमट व्हिनेगरच्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि पटाशी आडवी धरून खरवडा. लाकूड खाऊ नका, कुसू (खाचेत बसणारं पट्टीचं टोक) अजून बारीक होईल.

मग कुसू खाचेत घालून बघा. हाताने दाबून बसलं आणि उलटं धरल्यावर आपोआप पडलं नाही तर पांढरा डिंक पुरे. लडबडलं तर रंध्यातून निघालेला सागवानाचा पापुद्रा कुसवाच्या गालांवर डिंकाने चिकटवा, वाळल्यावर घासून नेमकं बसवा. डिंक खाचेच्या आतल्या बाजूंना आणि कुसवाला, दोन्हीकडे पातळ. तळाशी साठवू नका, कुसू आत जाताना पिचकारी उडते किंवा लाकूड फुटतं. क्लॅम्पऐवजी सुतळीचे चार-पाच वेढे चारही पायांभोवती घ्या, मध्ये काडी घालून पीळ द्या आणि काडी पट्टीला अडकवा. खुर्ची सपाट फरशीवर उभी करूनच पीळ द्या, नाहीतर तीन पायांवर वाळेल.

---

नाशिकरोड_७७

खुर्चीच्या फटीत फेव्हिक्विक सोडलं तर? उघडायची कटकट नको.

---

देवळाली_कॅम्प

महिनाभर शांत राहील. तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ असतो, आणि खुर्चीचा जोड प्रत्येक वेळी बसताना थोडा वाकतो. सुटल्यावर आत काचेचा थर बसलेला असतो, त्यावर दुसरा कुठलाच डिंक धरत नाही. ढलपी उडाली, बारीक कड तुटली, तिथे वापरा. कापसावर किंवा सुती फडक्यावर सांडू देऊ नका, इतका तापतो की हात भाजतो.

---

रंधा_पटाशी

एपॉक्सीला माझी हरकत एवढीच : दुपारच्या उन्हात गडद पॉलिश केलेली फळी ६० अंशांपर्यंत तापू शकते, आणि घरगुती एपॉक्सी ५०-६० लाच मऊ व्हायला लागतो. दुसरं, ऊन थेट लागलं की तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. वापरायचाच तर वरून यूव्ही रोखणारं बाहेरचं पीयू किंवा मरीन वार्निश हवंच, फिकट रंगात. लाखेचं पॉलिश दोन्हींपैकी कुठल्याही डिंकाच्या फळीला नको, पाणी लागलं की पांढरं पडतं. वार्निश खालच्या बाजूलाही तेवढेच हात, आणि फळीच्या दोन्ही टोकांना एक हात जास्त, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांतून.

कड सरळ येत नसेल तर सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून जॉइंटरवर (कडा सरळ करणाऱ्या मशीनवर) मारून आणा. पण आणल्या दिवशीच जोडा.

---

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार. कडा मशीनवर मारून आणतो आणि वॉटरप्रूफ पांढराच वापरतो. दोन शंका. काम डिसेंबरमध्ये निघालं तर चालेल का? आणि लाकूड पुरेसं वाळलंय हे मीटरशिवाय कसं कळणार? वाड्याचं असलं तरी गेला पावसाळाभर ते ताडपत्रीखाली पडून होतं.

---

सातपूर_प्लायवाला

डिसेंबरमध्ये चालेल, पण दुपारी. इकडे रात्री पारा १० च्या खाली जातो. पांढरा डिंक अमुक एका तापमानाखाली वाळला की सलग पापुद्रा बनतच नाही, खडूच्या भुकटीसारखा पांढरा राहतो आणि हाताने सुटतो. साध्याला ही मर्यादा १०-१२ अंशांच्या आसपास, प्रत्येक डिंकाची वेगळी, डब्यावर दिलेली असते. हवेचं तापमान बघून फसू नका, रात्रभर गच्चीवर पडलेलं लाकूड दहा वाजताही गारच असतं. फळ्या आणि डिंक दोन्ही आदल्या दिवशी घरात आणा, आणि क्लॅम्प लावलेली फळी रात्री गॅलरीत ठेवू नका.

---

रंधा_पटाशी

ताडपत्रीखालचं लाकूड म्हणजे ओल धरलेलं असणार. आधी हवेशीर जागी, फळ्यांमध्ये इंचाच्या पट्ट्या घालून, उन्हाच्या आड रचून ठेवा. उन्हात टाकलंत तर तोंडं फाटतील.

ओलावा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर कळतो. फळीच्या टोकापासून फूटभर आतून इंचभर जाडीचा आडवा तुकडा कापा. टोकाचा तुकडा घेऊ नका, टोकं आधी वाळतात आणि खोटा आकडा देतात. कापल्याबरोबर वजन करा. मग ओटीजीत १०० ते १०५ अंशांवर ठेवा, तासातासाने वजन, दोन वेळा सारखं येईपर्यंत. घटलेलं वजन भागिले सुकलेलं वजन गुणिले १००. म्हणजे ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर थांबला तर १२ टक्के. घरातल्या फर्निचरला ८ ते १२ हवेत, गॅलरीतल्या झोपाळ्याला १२-१३ चालतील. १५ च्या वर आलं तर जोडू नका : डिंकातलं पाणी लाकडाने ओढून घ्यायचं असतं, ओलं लाकूड ते ओढत नाही, आणि पुढे फळी आक्रसताना टोकाकडून जोड उघडतो.

तिन्ही पट्ट्यांचे तुकडे वेगवेगळे तपासा. एक १० आणि दुसरी १४ अशी निघाली तर सरासरी काढून उपयोग नाही. जिची जास्त ती वाळेपर्यंत थांबा, नाहीतर ती नंतर बारीक होईल आणि जोडावर पायरी उभी राहील.